ऑर्डर बंद

विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत कुठल्याही सोसायटीत जा आणि वॉचमनला विचारा, इथले अध्यक्ष कोण? तो डोकं खाजवेल. मग विचारा, ऑर्डरवाल्या वहिनी कुठे राहतात? विंग सांगेल, मजला सांगेल, लिफ्ट बंद असल्याचं सांगेल, आणि वर "पण आजची ऑर्डर बंद झाली हां" हेही सांगेल. तो स्वतः गिऱ्हाईक आहे.

आमच्या वहिनी उल्हासनगर कॅम्प चारच्या. अंबरनाथच्या वहिनी वेगळ्या, बदलापुरात तर कात्रपच्या वेगळ्या आणि बेलवलीच्या वेगळ्या. पण एकीला पाहिलं की बाकीच्यांची ओळख पटते. पन्नाशी ओलांडलेली, चष्मा केसांवर, पदराला किंवा ओढणीला बेसनाचा हात, आणि फोन अशा जागी टेकवलेला की कढईतलं तूप आणि आलेले मेसेज एकाच नजरेत दिसावेत.

त्यांचा मेसेज साधारण बुधवारी संध्याकाळी येतो. "नमस्कार. शनिवारी पुरणपोळी. फक्त २५ डबे. एका घराला एकच डबा. पैसे आगाऊ भरल्याशिवाय नाव धरले जाणार नाही. रविवारी 'उरल्या आहेत का' असे विचारू नये. उरत नाहीत."

मग बारा-पंधरा मिनिटांत दुसरा मेसेज. "ऑर्डर बंद. धन्यवाद."

पहिला मेसेज तयार करायला त्यांना अर्धा तास लागतो. यजमान वाचतात, ऱ्हस्व-दीर्घ बघतात, सुनेकडून हात जोडलेलं चित्र टाकून घेतलं जातं. दुसरा मेसेज मात्र आधीच लिहून ठेवलेला असतो. तो पाठवताना त्यांचा चेहरा मी पाहिलाय. पंचवीस डब्यांचे पैसे जमा झाल्याचा आनंद त्यात नसतो. सव्विसाव्या माणसाची वाट बघणाऱ्याचा चेहरा असतो तो.

सव्विसावा येतोच. "वहिनी, एकच डबा. पाहुणे आहेत." त्याला उत्तर लगेच जात नाही. आधी ते वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसू द्यायच्या, मग कढईखालचा गॅस मंद करायचा, हात पुसायचे, आणि मग एकेक अक्षर शोधत लिहायचं : "पुढच्या वेळी लवकर कळवा."

या वहिनी जन्मल्या तेव्हा अर्थातच अशा नव्हत्या. त्यांतल्या बऱ्याच जणींचा व्यवसायातला जन्म २०२० सालचा. मार्चमध्ये लोकल बंद झाली आणि ज्या गावांचं सगळं आयुष्य लोकलच्या वेळापत्रकावर टांगलेलं होतं ती गावं घरात बसली. दादरहून येताना चकल्या आणणं बंद, ऑफिसातल्या मैत्रिणीच्या आईकडून लाडू आणणं बंद. त्यातच सप्टेंबरच्या १८ तारखेला अधिक अश्विन लागला. अधिक महिना म्हणजे जावयाला तेहतीस अनारशांचं वाण, आणि सासुबाईंच्या हिशेबात टाळेबंदी हे त्याला कारण होऊ शकत नाही. कुणीतरी कुणालातरी म्हणालं, "त्या चौथ्या मजल्यावरच्या वहिनींचे अनारसे हसत नाहीत." एवढ्यावर धंदा उभा राहिला. भांडवल एक कढई, एक झारा आणि ही कीर्ती.

अनारशाचं ज्यांना माहीत नाही त्यांना 'फक्त २५ डबे' ही एक चाल वाटते. तांदूळ धुऊन तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून सावलीत कापडावर पसरायचे, पण पुरते वाळू द्यायचे नाहीत. दमट असतानाच दळायचे आणि चाळायचे. त्यात किसलेला गूळ. तो किती, हे कुठल्याही पुस्तकात बरोबर लिहिलेलं नाही, कारण प्रत्येक गुळाचा स्वभाव वेगळा. गोळे बांधून डब्यात चार-पाच दिवस मुरवायचे. मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. गूळ कणभर जास्त झाला की अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरघळून पसरतो, आणि तो हसला की आठवडाभराची मेहनत कढईच्या तळाशी जाते. असा पदार्थ 'लागेल तेवढा मिळेल' या पाटीखाली विकताच येत नाही. नऊ दिवस आधी नावं घ्यावीच लागतात.

मोदकाचं दुखणं उलटं. अनारशाला दिवस लागतात, मोदकाला तास उरत नाहीत. गणेश चतुर्थीला सगळ्या गावाचा नैवेद्य दुपारी एका वेळेला, म्हणून सगळ्या गावाला एकवीस मोदक साडेअकराला हवेत, तेही गरम. उकड आदल्या रात्री काढून ठेवता येत नाही. गार झाली की पारीला चिरा पडतात. म्हणजे पहाटे तीनला उठायचं, आणि मोदकपात्रात एका वेळी मावतील तेवढे गुणिले सकाळचे तास, एवढाच व्यवसायाचा विस्तार. शिवाय कळ्या पाडणारे हात दोनच. सुनेच्या कळ्या जाड येतात, त्या घरच्या गणपतीला. गणपती काही बोलत नाही.

इथपर्यंत सगळं बुद्धीला पटणारं आहे. पण पोह्याचा चिवडा? त्याला काय धाड भरलीय? पन्नास किलो करा. शंकरपाळे महिनाभर टिकतात. तरीही दिवाळीत वहिनींचा मेसेज : "चिवडा, फक्त ३० पाकिटे." मी एकदा विचारलं, तीसच का? त्या म्हणाल्या, "एकतीस केला की तो कुणालाही मिळतो."

आता नियम. वहिनींच्या नियमांपुढे रेल्वेचं तत्काळ आरक्षण म्हणजे धर्मशाळा. मेसेज ब्रॉडकास्टने जातो, आणि ज्याने वहिनींचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही त्याला तो पोचत नाही, ही व्हॉट्सॲपची मुळातली सोय. त्यामुळे "मला मेसेजच आला नाही हो" म्हणणारा माणूस तिथल्या तिथे पकडला जातो. "म्हणजे माझा नंबर नाही तुमच्याकडे," वहिनी शांतपणे म्हणतात. चार वर्षं यांच्याकडची कडबोळी खाऊन नंबर सेव्ह न करणारा माणूस त्यांच्या मते पुढे आयुष्यात काहीही करू शकतो.

पूर्वी सोसायटीच्या ग्रुपवर यादीची पद्धत होती. यादी कॉपी करायची, खाली आपलं नाव आणि फ्लॅट लिहायचा आणि परत टाकायची. कागदावर ही पद्धत निर्दोष आहे. प्रत्यक्षात सोळावं नाव पडलं की बी विंगचे काका आणि सी विंगच्या ताई एकाच क्षणी यादी कॉपी करतात, आणि दोघेही सतरावे होतात. आता याद्या दोन. अठरावा माणूस काकांच्या यादीखाली, दुसरी अठरावी ताईंच्या. मधेच कुणीतरी तासाभरापूर्वीची जुनी यादी उचलून त्यात आपलं नाव बाराव्या नंबरावर बसवतो आणि आधी नाव लिहिलेले बरेच जण नाहीसे होतात. एकदा असे सहा जण नाहीसे झाले, त्यांत सोसायटीचे खजिनदार होते. त्या पुरणपोळीवरून पुढची वार्षिक सभा गाजली, आणि इतिवृत्तात 'इतर विषय' या सदराखाली तिची नोंद आहे. तेव्हापासून यादी वहिनींच्या वहीत. शाईच्या पेनाने. पैसे आले की नावापुढे बरोबरची खूण, आणि नुसता "भरलेत" असा मेसेज चालत नाही, स्क्रीनशॉट लागतो. स्क्रीनशॉटमध्ये नाव मुलाचं, ऑर्डर आईच्या नावाची आणि डबा न्यायला येणार मामा, असं असेल तर तिघांनाही फोन जातो.

यजमानांचं खातं वेगळं. ते अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी ऑर्डरमध्ये रुजू झाले, हा विनोद ते स्वतःच सांगतात, कारण तो दुसऱ्याने सांगितला तर जिव्हारी लागतो. आयुष्यभर मायक्रोमीटरने मापं घेतलेल्या माणसाच्या हातात आता लाडवांचा वजनकाटा आहे. "अहो, चार ग्रॅमनी काय होतंय?" असं वहिनी म्हणतात तेव्हा ते काही बोलत नाहीत, फक्त लाडू परत परातीत ठेवतात. स्टिकरही तेच चिकटवतात. त्यावर अन्न सुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी नंबर किमतीपेक्षा मोठ्या टायपात आहे. प्रमाणपत्राची फ्रेम देवघराशेजारी आहे, आणि उदबत्ती ओवाळताना हात थोडा तिकडेही वळतो.

खरा पराक्रम त्यांच्या वितरणात आहे. बदलापूर, अंबरनाथची काही गिऱ्हाइकं रोज सकाळच्या लोकलने मुंबईला जातात आणि त्यांना डबा गाडीतच हवा असतो. मग यजमान विठ्ठलवाडीच्या फलाटावर, कुठला डबा कुठल्या खांबासमोर येतो त्या हिशेबाने, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभे. गाडी थांबणार अर्ध्या मिनिटाहून कमी. दारात लोंबकळणाऱ्यांच्या मधून एक हात बाहेर येतो, "काका, इकडे!" पिशवी त्या हातात जाते आणि गाडी सुटते. हात नक्की कुणाचा, हे तपासायला वेळ नसतो. एकदा चकल्यांचा डबा भलत्याच बायकांच्या हाती पडला. खरं गिऱ्हाईक मागच्या गाडीत होतं. संध्याकाळी रिकामा डबा परत आला, आत पैसे आणि एक चिठ्ठी : आमच्या ग्रुपला पुढच्या वेळी चार पाकिटं. वहिनींनी निरोप पाठवला, "आधी नंबर सेव्ह करा."

या सगळ्या प्रकाराचा मनापासून त्रास होणारे एकच गृहस्थ, शेजारचे सिंधी शेट. जपानी बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या लोकांना कल्याण कॅम्पातल्या लष्करी बराकींत जागा मिळाली, १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं, आणि बराकींतून माणसं बाहेर पडली ती काहीतरी विकायलाच. शेटच्या आजोबांनी लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकली. वडिलांनी गोळ्यांऐवजी लेसा विकल्या. ('मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आता इतका जुना झालाय की त्याचीही नक्कल बाजारात आली असेल.) तीन पिढ्यांत त्या घरात गिऱ्हाइकाला 'नाही' हा शब्द कुणी ऐकवलेला नाही. दुकानात हिरवा कपडा नसेल तर शेट म्हणतात, "दोन मिनिट बसा, गोडाऊनमधून मागवतो," आणि पोरगा समोरच्या दुकानातून घेऊन येतो.

त्यांनी एकदा वहिनींच्या दारात बारा माणसं परत जाताना पाहिली आणि त्यांना राहवेना.

"भाभी, असं नाय करायचं. माल संपला असं बोलायचं नसतं. माल येतोय, असं बोलायचं."

"पण येत नाहीये ना भाऊ."

"अरे, मग आणायचा! दोन बाया ठेवा, मोठी कढई घ्या. मी गाळा बघून देतो, नेताजी चौकात. तुम्ही रोज शंभर डबे विकाल."

"रोज शंभर विकले तर बुधवारी कोण वाट बघेल?"

शेट हताश झाले. मग वहिनींनीच हळूच विचारलं, "तुमचा तो घीयर वर्षभर का नाही हो करत हलवाई? मला आवडतो."

घीयर म्हणजे जिलेबीचा थोरला भाऊ, ताटाएवढा. होळीच्या सुमारास उल्हासनगरच्या सिंधी मिठाईवाल्यांकडे दिसतो आणि सण उलटला की गायब होतो. शेट म्हणाले, "घीयर होळीलाच. बाकी टाइमला कोण खाईल?" आणि बोलता बोलता थांबले. घरात गेले. दुसऱ्या रविवारी त्यांच्याकडून नेहमीप्रमाणे दाल-पकवान आलं, पण सल्ला आला नाही.

वहिनींचा भाचा आयटीत आहे. त्याने मावशीला सांगितलं की हे तू जे करतेस ते जगभर चालतं. न्यूयॉर्कमध्ये १९९४ साली निघालेलं सुप्रीम नावाचं कपड्यांचं दुकान आहे, ते दर गुरुवारी मोजकाच नवा माल बाहेर काढतं, आणि पोरं फुटपाथवर रांगा लावतात. वहिनींनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "मार्गशीर्षातल्याच गुरुवारी, की सगळ्या?" त्यांचा आदर्श न्यूयॉर्कचा नाही, पुण्याचा आहे. चितळ्यांनी वर्षानुवर्षं दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवलं, लोकांनी त्यावर विनोद केले, आणि विनोद करून झाल्यावर चार वाजता रांगेत उभे राहिले. वहिनी हे उदाहरण देतात तेव्हा आवाज खाली आणतात, देवाचं नाव घ्यावं तसा.

पण एक गोष्ट मात्र त्यांना चितळ्यांकडून घेता आलेली नाही, ती म्हणजे भाव. बारा कुटुंबांना परत पाठवायचं धैर्य असलेल्या या बाईला डब्यामागे दहा रुपये वाढवायचं धैर्य होत नाही. नारळ महागला, तूप महागलं, यजमानांनी वहीत प्रत्येक मोदकाची उत्पादन-किंमत पैशांपर्यंत काढून दाखवली. त्यात त्यांनी गॅस धरला, डबा धरला, स्टिकर धरला. वहिनींची मजुरी धरायला जागाच नव्हती. तो रकानाच आखलेला नाही. "वाढवूया ना," ते म्हणाले. "लोक काय म्हणतील? दोन वर्षांपूर्वी याच भावात दिले होते." म्हणजे मागणी पुरवठ्याच्या दुप्पट आणि भाव जिथल्या तिथे. अर्थशास्त्राच्या कुठल्याही प्राध्यापकाला कॅम्प चारमध्ये आणून बसवला तर तो चक्कर येऊन पडेल, आणि त्याला द्यायला घरात लाडू नसेल, कारण ऑर्डर बंद.

मला विचाराल तर यात न समजण्यासारखं काही नाही. ही बाई तीस वर्षं त्याच ओट्यापाशी उभी होती. रात्री साडेआठला नवऱ्याबरोबर फॅक्टरीतले दोघं न सांगता जेवायला आले तरी पोळ्या झाल्या. दिराला पोळी पातळ हवी, सासऱ्यांना मऊ, मुलाला कडक. सगळ्या झाल्या, आणि शेवटची जी उरेल ती हिची. तिथे यादी नव्हती, आगाऊ नाव नव्हतं, एका माणसाला एकच हा नियम तर मुळीच नव्हता. त्याच ओट्यावर आता पंचविसावा डबा बंद होतो आणि त्या गॅस बंद करून सोफ्यावर जाऊन बसतात. अख्ख्या घरात कुणी म्हणत नाही, "अगं, अजून एक घाणा काढ ना." मग भाव वाढला काय नि न वाढला काय. त्यांना जे हवं होतं ते त्यांनी आधीच वसूल केलंय.

अर्थात 'ऑर्डर बंद' म्हणजे अगदी बंद नसते. पंचवीस सांगितलेले असतात, केलेले अठ्ठावीस असतात. हे तीन डबे स्टीलच्या पिंपामागे असतात आणि त्यांचा ताबा केवळ वहिनींकडे. त्यांसाठी नगरसेवकाच्या माणसाचा फोन येऊन गेलाय, शाळेच्या मुख्याध्यापिकांनी नातवाकरवी चिठ्ठी पाठवलीय, खजिनदारांनी तर देखभाल खर्चाच्या पावतीबरोबर विषय काढला. कुणाची डाळ शिजली नाही. एक डबा वॉचमनचा. दुसरा तळमजल्यावरच्या आजींचा, त्यांना फोन चालवता येत नाही आणि वहिनींच्या मते तो त्यांचा गुन्हा नाही. तिसरा कधी कुणाला जाईल ते ठरलेलं नसतं. शेटनी सल्ला देणं थांबवल्यापासून तो बऱ्याचदा त्यांच्याकडे जातो.

२०२३ साली अधिक श्रावण आला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. पंचांगानेच काढलेली मर्यादित आवृत्ती : चांद्रवर्ष सौरवर्षाहून अकरा-एक दिवसांनी तोकडं, ती तूट साठत साठत साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जादा. वहिनींनी तेहतीस अनारशांचे चाळीस संच जाहीर केले, आणि अधिक महिना लागायच्या आतच ऑर्डर बंद झाली. तरी शेवटच्या दिवशी, १६ तारखेला, बदलापूरहून एक गृहस्थ पावसात भिजत चौथ्या मजल्यावर आले.

"अनारसे संपले," वहिनी म्हणाल्या. "आता पुढच्या अधिकात."

"कधी आहे?"

यजमानांनी भिंतीवरचं कालनिर्णय उलटंपालटं केलं. त्यात अर्थातच नव्हतं. मग भाच्याला फोन लावला. १७ मे २०२६, अधिक ज्येष्ठ.

"मग तेव्हाचं नाव लिहून ठेवा," गृहस्थ म्हणाले आणि खिशातून शंभराची नोट काढली. "तेहतीस."

वहिनींनी वहीचं शेवटचं पान उघडलं. "जावयांचं नाव? संचावर चिठ्ठी लावतो आम्ही."

"जावई अजून नाही. मुलगी एफवायला आहे."

वहिनींनी चष्मा खाली घेतला, गृहस्थांकडे पाहिलं, आणि शाईच्या पेनाने लिहिलं : क्रमांक १, बदलापूर पूर्व, ३३, जावई नंतर कळवणार. मग पान फिरवून त्यांच्यापुढे धरलं.

"तुमचा नंबर इथे. आणि माझा सेव्ह करा. समोर करा."